दुबईचे ऊन आणि जावयाची मोटार

बडोद्याच्या माणसाला उन्हाची भीती कोणी दाखवू नये, असे आम्ही उभयता आजवर समजत होतो. मे महिन्यात सुरसागराच्या काठची फरशी अनवाण्या पायांना कसे चटके देते, मांडवीच्या बाजारात भर दुपारी कसा शुकशुकाट पडतो, हे सारे आमच्या अंगवळणी पडलेले. त्यामुळे धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी ऑगस्टात दुबईला जायचे ठरले, तेव्हा शेजाऱ्यांनी केलेली चिंता आम्ही हसण्यावारी नेली.

१० ऑगस्ट २०२४ च्या रात्री दुबईच्या विमानतळाचे दार उघडले आणि आम्हां दोघांचेही चष्मे एकदम पांढरे झाले. आतल्या गारव्याने थंड पडलेल्या काचांवर बाहेरच्या दमट हवेची वाफ साचली होती. रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि हवा मात्र भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढावे तशी तोंडावर येत होती. आमच्याकडचे ऊन कोरडे. सूर्य कलला की तेही कलते. इथे समुद्र शेजारी असल्याने रात्रसुद्धा उकडलेली.

आंधळ्यासारखे चाचपडत आम्ही जावईबापूंच्या मोटारीत बसलो, तीच ही या लेखाची नायिका. काळी, उंच, रुंद. दार लावले की बाहेरचा आवाज जणू कापून टाकणारी. जर्मन बनावटीची, आठ सिलिंडरांची, दोन टर्बो बसवलेली, पाचशेहून अधिक अश्वशक्तीची. कंपनीचे नाव आम्ही मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात त्या कंपनीपेक्षा उन्हाचा हात अधिक आहे. आमची पहिली गाडी चाळीस अश्वशक्तीची पद्मिनी होती. तिच्यासारख्या डझनभर गाड्या या एकीच्या पोटात मावल्या असत्या!

पुढच्या आसनाच्या कडेला तीन बटणे होती. आमच्यापैकी एकाने कुतूहलाने दोन क्रमांकाचे बटण दाबले, तर आसन आपोआप पुढे सरकले, पाठ ताठ झाली, बैठक उंच झाली. जावईबापूंनी तिरप्या नजरेने पाहिले, पण ते काही बोलले नाहीत. लेकीने मागून हळूच सांगितले, “आई, ते नका बदलू. ते अण्णांचं आहे.” अण्णा म्हणजे आमचे इंदूरचे व्याही. आदल्या हिवाळ्यात ते महिनाभर इथे राहून गेले होते. रोज संध्याकाळी या गाडीतून एक फेरी मारून आणावी, असा त्यांचा हट्ट असे. मार्चमध्ये ते गेले. जन्मभर स्कूटर चालवलेल्या त्या गृहस्थांची बैठक यंत्राने अजून जपून ठेवली होती.

मुलांचे घर शारजात, नोकरी दुबईत. शारजात घरभाडे कमी, म्हणून हजारो कुटुंबे तसेच करतात आणि त्याची किंमत अल इत्तिहाद रस्त्यावर वेळेने चुकवतात. सकाळी दुबईकडे आणि संध्याकाळी शारजाकडे गाड्यांची अशी रांग लागते की पंधरा-वीस मिनिटांच्या रस्त्याला तास-दीड तास सहज जावा. तीनशे किलोमीटरचा वेग गाठण्याच्या बेताने घडवलेली ती मोटार तिथे गोगलगायीसारखी सरकत असे. वरून ऊन, खालून तापलेले डांबर, आत वातानुकूलन पुऱ्या जोरावर आणि समोरून वारा म्हणून नाही. यंत्राला धावण्यापेक्षा असे उभे राहणेच अधिक जाचते, हे आम्हांला पुढे कळले.

त्या काळात आम्ही दुबई पुष्कळ पाहिली. उंच इमारती तर सगळेच पाहतात. आमचे मन रमले ते खाडीकाठच्या अल फहीदी वस्तीत. इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेली ही जुनी घरे. प्रत्येक घरावर चौकोनी मनोरा, चारही अंगांनी उघडा. वारा कोणत्याही दिशेने येवो, मनोरा त्याला पकडून खाली खोलीत सोडतो. त्याला इथे बरजील म्हणतात. एका मनोऱ्याखाली आम्ही उभे राहिलो आणि खरोखरच मानेवर झुळूक आली. विजेवाचून आणि बिलावाचून आलेली ती झुळूक होती. खाडी ओलांडायला अब्रा नावाची लाकडी होडी आहे, तिचे भाडे एक दिरहम.

दिरहमचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. या किनाऱ्यावर एके काळी आपलाच रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाचा रुपया काढला, १९६६ मध्ये आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले आणि मग एकेका राज्याने तो सोडून दिला. आजचा दिरहम १९७३ चा. आम्ही गेलो तेव्हा एका दिरहमला पावणेतेवीस रुपये पडत होते. इथे आलेला प्रत्येक भारतीय पाहुणा मनातल्या मनात गुणाकार करीत फिरतो. चहाचा पेला उचलताना गुणाकार, भाजी घेताना गुणाकार. आम्हीही तेच करीत होतो आणि म्हणूनच एके दिवशी ती वही हाती आली तेव्हा पोटात गोळा आला.

वही लेकीची होती. घरात गाडीचा हिशेब लिहून ठेवण्याची सवय तिला माहेरून मिळालेली. आमच्या पद्मिनीची वही अजून माळ्यावर आहे. तीत ऑइल बदलले, प्लग साफ केले, असल्या नोंदी आणि त्यांच्यापुढे शंभर-सव्वाशे रुपयांचे आकडे. लेकीच्या वहीतले आकडे असे होते : ऑइल आणि फिल्टर बदलून साधी सर्व्हिसिंग, २,४०० दिरहम. पुढच्या ब्रेकच्या तबकड्या आणि पॅड, ५,८००. चार टायर, ५,४००. बॅटरी, १,४५०. मागच्या एका चाकाची हवेची स्प्रिंग, ४,६००. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर, ६,२००. गाडी घेतल्याला चौदा महिने झाले होते. एकूण २५,८५० दिरहम. म्हणजे पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार रुपये. आमच्यापैकी एकाने बेरीज दोनदा केली. ती बरोबरच होती.

गाडी त्यांनी जुनी घेतली होती, सहा वर्षांची, १,१५,००० दिरहमला. नवी असताना तिची किंमत याच्या चौपटीच्या आसपास होती. एवढी मोठी गाडी एवढ्या स्वस्तात कशी, याचे उत्तरही त्या वहीतच होते. श्रीमंत मालक कंपनीची हमी आणि ठरलेल्या सर्व्हिसिंगचा करार असेतोवर गाडी वापरतो आणि तो संपला की विकून मोकळा होतो. गाडीची विक्रीची किंमत दर वर्षी घसरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत घसरत नाही. एक लाखाच्या गाडीला चार लाखांच्या गाडीचेच ब्रेक लागतात.

हे सारे आम्हांला दिसत होते, पण बोलणार कोण? मुलगा असता तर कान धरून बसवला असता. जावई हा पाहुणा, आणि त्याच्या घरी आपण पाहुणे! बडोद्यातल्या फ्लॅटचे हप्ते चालू, घरात बाळ येणार, आणि दारात ही खाणारी गाय. तरी आम्ही गप्प राहिलो. खरे तर त्या दोन क्रमांकाच्या बटणामुळेही गप्प राहिलो.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी अल ऐनला जायचे ठरले. लेकीला सातवा संपत आला होता. डॉक्टरांची परवानगी घेतली होती, आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा सरळ, गुळगुळीत रस्ता. अल ऐन हे वाळवंटातले हिरवे गाव. तिथला खजुरांचा बाग २०११ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बागेत शिरताच ऊन मागे राहते. झाडांची दाट सावली आणि तिच्यातून वाहणारे अरुंद पाट, त्यांना फलज म्हणतात. डोंगरापायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, सूर्याचे तोंड न दाखवता, मैलोगणती दूर आणायचे आणि मग ठरलेल्या वेळी ठरलेल्या शेताला सोडायचे, अशी ही प्राचीन योजना. पाटात पाय सोडून बसायचा मोह आम्ही फार कष्टाने आवरला.

तिथून जवळच जबल हफीत नावाचा डोंगर. उंची बाराशे मीटरांहून थोडी अधिक आणि वर जाणारा रस्ता बारा किलोमीटरांच्या आसपास, साठ वळणांचा. वरून सूर्यास्त फार सुंदर दिसतो, असे जावईबापू म्हणाले. पायथ्याशी गाडीतल्या पडद्यावर बाहेरचे तापमान ४६ दाखवत होते. गाडी मोठ्या डौलाने चढू लागली. निम्म्याहून अधिक चढ सरला असेल, तोच एक घंटी वाजली आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटली : इंजिन अति गरम, गाडी सुरक्षित जागी थांबवा. वातानुकूलन आपोआप बंद झाले. एका वळणावरच्या रुंद जागेत गाडी थांबली. बोनेटखालून गोडसर वासाची वाफ येत होती आणि खाली हिरवट पाण्याची धार लागली होती.

पद्मिनी असती तर आम्हांला उपाय ठाऊक होता. गोध्र्याच्या पुढे दाहोदच्या रस्त्यावर ती मे महिन्यात हटकून रुसे. मग झाडाखाली थांबायचे, पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकायचे, रेडिएटर निवाला की त्यात मटक्यातले पाणी ओतायचे आणि तोवर शिदोरी सोडायची. इथे झाड नव्हते आणि पंप कुठे आहे हेही दिसत नव्हते. बोनेट उघडल्यावर नुसती काळ्या प्लॅस्टिकची झाकणे. जावईबापू पाण्याच्या टाकीच्या बुचाकडे हात नेऊ लागले तेव्हा मात्र आमच्यापैकी एक ओरडलाच. आत दाबाखाली शंभर अंशांपलीकडे गेलेले पाणी असते. बूच उघडताच ते उसळून तोंडावर येते. सासऱ्याने जावयावर आवाज चढवण्याचा तो पहिला आणि आजवरचा शेवटचा प्रसंग.

दहा मिनिटांत गाडीच्या आत बसवेना. लेक रस्त्याकडेच्या कठड्याच्या हातभर सावलीत उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडू लागला. आमच्यापैकी एक तिच्या डोक्यावर पदर धरून उभी, दुसरा हातातली शेवटची बाटली तिच्या मानेवर रिकामी करीत होता. जावईबापू फोनवर बोलत होते, पण त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती. तेवढ्यात एक जुनी पांढरी लँड क्रूझर वरून उतरत आली. आतले अरब गृहस्थ सहकुटुंब होते. त्यांनी एक शब्द न विचारता मुलांना मागे सरकवले आणि लेकीला पुढच्या थंड झोतासमोर बसवले. त्यांच्या पत्नीने थर्मासमधून ताक दिले, त्याला ते लबन म्हणतात. आम्हां तिघींतिघांना पायथ्याच्या इस्पितळापर्यंत त्यांनीच पोहोचवले. बाळाचे ठोके नीट ऐकू आले तेव्हा कुठे आमच्या पायांतले बळ परत आले. जावईबापू गाडीपाशीच थांबले होते. रात्री साडेदहाला ती गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकच्या पाठीवर चढली. इथे या ट्रकला ‘रिकव्हरी’ म्हणतात. शारजापर्यंतचे भाडे ६५० दिरहम. वहीत आणखी एक ओळ.

शारजाचे औद्योगिक विभाग म्हणजे मोटारींचे पंढरपूर. गल्ल्यामागून गल्ल्या, क्रमांक घातलेले विभाग, कुठे नुसती दारे, कुठे नुसती इंजिने, कुठे आरशांचे ढीग. बोलणे हिंदुस्थानी, मल्याळम आणि पश्तूचे मिश्रण. तिथल्या एका गॅरेजमधील उस्ताद पाकिस्तानातल्या गुजराँवाल्याचे. पांढरी दाढी, कपाळावर चष्मा. कंपनीच्या कार्यशाळेने याच कामाचे ११,८०० दिरहम सांगितले होते. उस्तादांनी सुटे भाग धरून ६,३०० सांगितले. आमच्यापैकी एकाने तिथे तीन दिवस बैठक मारली. लोखंडी पत्र्याखाली, मोठ्या पंख्यासमोर, साखर घातलेला दाट चहा पीत जे शिक्षण मिळाले ते कोणत्या शाळेत मिळाले नसते.

उस्तादांचे गणित साधे होते. इंजिनातले पाणी शंभर अंशांच्या आसपास असते. बाहेर वीस अंशांची हवा असेल तर दोहोंत ऐंशी अंशांचे अंतर. उष्णता झपाट्याने निघून जाते. बाहेर अठ्ठेचाळीस असतील तर अंतर उरले बावन्न. तोच रेडिएटर, तोच वारा, पण काम दोनतृतीयांश. त्यात वातानुकूलनाची जाळी रेडिएटरच्या पुढ्यात. ती आपली उष्णता आधी त्या हवेत सोडते आणि तीच तापलेली हवा रेडिएटरला मिळते. दोन टर्बो, त्यांची हवा थंड करणारी जाळी, ऑइलची जाळी, गिअरच्या तेलाची जाळी, सगळ्यांचे हात त्याच हवेपुढे पसरलेले. उस्तादांनी पुढचा बंपर काढला तेव्हा दोन जाळ्यांच्या मधोमध वाळूचा आणि पिसांचा जाड थर निघाला. बाहेरून धुताना तो कधी दिसलाच नसता.

फुटली होती ती मात्र एक नळी. इंजिनाच्या दोन ओळींमधल्या खोलगट भागात पाणी नेणारी प्लॅस्टिकची नळी. थंड देशात ती पंधरा वर्षे टिकेल. इथे रोज भाजून भाजून बिस्किटासारखी ठिसूळ झालेली. उस्तादांनी तुकडा हातावर ठेवला आणि बोटांनी चुरडून दाखवला. नळीची किंमत फार नाही, पण तिच्यापर्यंत पोहोचायला वरचा सगळा संसार उतरवावा लागतो. मजुरी ती त्याची. नवी नळी त्यांनी अॅल्युमिनियमची घातली.

मग वहीतल्या एकेका ओळीचा अर्थ लागत गेला. बॅटरी वर्ष-दोन वर्षांत का जाते? उष्णतेने आतली रसायने घाईने झिजतात. हवेच्या स्प्रिंगचे रबर उन्हाने वाळते, त्याला बारीक भेगा पडतात, हवा गळते; गळती भरून काढताना हवेचा कॉम्प्रेसर जळतो आणि एका दुखण्याची दोन होतात. टायरवर नक्षी शाबूत असली तरी भागत नाही. कडेला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपलीकडचा टायर इथे चालू देत नाहीत, कारण तापल्या रस्त्यावर म्हातारे रबर वेगात फुटते. ऑइल कंपनी सांगेल पंधरा हजार किलोमीटरांनी बदला, उस्ताद म्हणाले, “भाईसाब, ते युरोपातले किलोमीटर. अल इत्तिहाद रस्त्यावर किलोमीटर मोजू नका, तास मोजा.” ते स्वतः सात-आठ हजारांवर बदलायला सांगतात, आणि या इंजिनात एका वेळी आठ-नऊ लिटर जाते. आखातासाठी म्हणून बनवलेल्या गाड्यांना मोठा रेडिएटर आणि तगडे वातानुकूलन मिळते. अमेरिकेतून अपघातात सापडून स्वस्तात आलेल्या गाड्यांना ते नसते, म्हणून घेताना आधी तेवढे विचारावे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी आखातात असते. त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले.

चौथ्या दिवशी गाडी परत आली. जेवणे झाल्यावर लेकीने वही काढली, रिकव्हरीचे ६५० आणि उस्तादांचे ६,३०० लिहिले, वर पाच टक्के कर लिहिला आणि वही नवऱ्यापुढे सरकवली. ती काही बोलली नाही. जावईबापूंनी पाने मागे उलटली, पुन्हा पुढे उलटली. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, “बाबा, तुम्हांला वाटत असेल मी मिजास म्हणून ठेवलीय. अण्णा पहिल्या दिवशी गाडीत बसले तेव्हा चपला बाहेर काढून बसले होते. मी नको म्हटलं तर म्हणाले, राहू दे, घरात कोण चपला घालतं.” एवढे बोलून ते थांबले. पुढे म्हणाले, “पण परवा ती कठड्याला धरून उभी होती, आणि मी बोनेट उघडून बघत होतो.”

आम्ही सासू-सासरे यावर काय बोलणार? आमच्यापैकी एकीने उठून सर्वांना ताक दिले.

नात ऑक्टोबरच्या अखेरीस झाली. इस्पितळातून ती त्याच गाडीतून घरी आली. त्या दिवशी हवा छान होती आणि गाडीने काही त्रास दिला नाही. पुढच्या आसनावर आमच्यापैकी जो बसला होता त्याने बटणाला हात लावला नाही. ताठ बसून आला. बारसे आटोपून नोव्हेंबरात आम्ही बडोद्याला परतलो.

जानेवारी २०२५ मध्ये लेकीचा फोन आला. गाडी विकली, ७८,००० दिरहमला. जपानी बनावटीची एक साधी, जुनी, चार सिलिंडरांची गाडी घेतली. तिच्या पहिल्या सर्व्हिसिंगचे बिल ४८० दिरहम झाले. काळी गाडी घेणारे गृहस्थ सुदानचे. दोन-तीन गिऱ्हाइके नुसती किंमत पाडून मागत होती. यांनी मात्र वही पाहिली, सगळ्या पावत्या जुळवल्या आणि सांगितलेली किंमत दिली. अट एकच घातली, की वही गाडीबरोबर हवी. जावईबापूंनी ती देऊन टाकली.

“अगं, पण शेवटची चार पानं मराठीत आहेत ना?” आम्ही विचारले. आमच्यापैकी एकाने उस्तादांकडून जे जे ऐकले ते त्याच वहीत टिपून ठेवले होते.

“ते म्हणाले, वाचून घेईन कुणाकडून तरी,” लेक म्हणाली. “शारजात मराठी माणूस मिळतोच.”